मागे घेतलेली दुरुस्ती

माझ्या घरी बसून, माझे पोहे खात, माझ्याच पोह्यांना दुरुस्ती सुचवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "बाई, पोहे उत्तम. फक्त एक दुरुस्ती आहे. ‘शेंगदाणे’ या शब्दानंतर ‘आणि वरून ओलं खोबरं’ हे शब्द दाखल करण्यात यावेत." दिल्लीत त्या काळी बरा नारळ हवा तर आयएनए मार्केट गाठावं लागायचं. पहाडगंजच्या शाळेत दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आलेल्या मला कोणी खोबऱ्याचं नाव काढलं की डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायचे, "दुरुस्ती नामंजूर." ते समाधानाने मान हलवायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

ते माजी आमदार होते. महाराष्ट्रातल्या एका आडबाजूच्या तालुक्यातून निवडून यायचे, विरोधी बाकांवर बसायचे आणि सरकारने कुठलंही विधेयक आणलं की त्याला दुरुस्त्या सुचवायचे. मग एका निवडणुकीत पडले, पाठोपाठ बायको गेली, आणि मुलाने त्यांना दिल्लीला आणलं. मुलगा केंद्र सरकारात अधिकारी. आर. के. पुरममध्ये आमच्या बरोबर वरचं क्वार्टर त्याचं. बापाला आणतोय न आणतोय तोच त्याची शिलाँगला बदली झाली. ईशान्येकडे गेलेल्यांना दिल्लीतलं क्वार्टर ठेवू द्यायचे, म्हणून सून आणि आमदारसाहेब इथेच राहिले. सून सकाळी चार्टर्ड बसने ऑफिसला जायची ती अंधार पडल्यावर यायची. मधल्या वेळात एक अख्खा आमदार मोकळा.

त्यांनी काय काय म्हणून सोडलं नाही! कॉलनीच्या बोर्डावर पाण्याच्या वेळेची नोटीस लागली की हे चष्मा लावून बोर्डाखाली उभे. गणेशोत्सवाचं पत्रक, शेजारच्या पंजाबी मुलीच्या लग्नाची पत्रिका, दूध केंद्रावरची ‘कृपया लाइन में रहें’ ही पाटी, सगळ्याला दुरुस्ती. भाजीवाल्याला म्हणायचे, "भैया, आपके भाव को मेरी एक दुरुस्ती है." भाजीवाला माझ्याकडे बघून हात जोडायचा. "मैडमजी, अपने नेताजी को घर ले जाइए ना." जसे काही मी आणून ठेवले होते!

भांडण झालं तर समोरच्याशी थेट बोलायचे नाहीत. सभागृहात सदस्याने सदस्याशी बोलायचं नसतं, जे काय ते अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं, ही रीत त्यांच्या हाडात मुरली होती. सुनेशी काही वाजलं की छताच्या पंख्याकडे बघून सुरू व्हायचे, "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सूनबाईंनी काल गीझर चालू ठेवल्याचा आरोप माझ्यावर केला, तो मी साफ नाकारतो." सून खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायची. "काकू, मी वेडी होईन हो. मी कोणाशी भांडू, पंख्याशी?" एकदा हसत हसत सांगता सांगता ती रडायलाच लागली. नवरा शिलाँगला, ऑफिसात साहेब खेकसतोय, आणि घरी हे अधिवेशन. बिचारीला चहा देण्यापलीकडे मी काय करणार!

आणि कुठल्याही सभेत ते जागेवरून हलायचे नाहीत. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असो नाहीतर कॉलनीची मीटिंग, चहाला सगळे उठले तरी हे मफलर गुंडाळून खुर्चीत ताठ. पाणी नाही, लघवीला नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "साहेब, उठा की जरा, तब्येतीला बरं नाही हे." तर म्हणाले, "बाई, कलम पुकारलं आणि माणूस जागेवर नसला की दुरुस्ती मेली. ती मांडलीच नाही असं धरतात. आमच्यातल्या भल्याभल्यांच्या दुरुस्त्या चहापायी गेल्यात." इथे कुठलं कलम पुकारणार होते, देव जाणे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी क्वार्टरसमोरच्या लॉनवर मी उन्हात मटार सोलत बसले होते. ते येऊन टेकले आणि न विचारता सोलायला लागले. मटारच्या दिवसांत आर. के. पुरममधली अर्धी माणसं अशीच एकमेकांना भेटायची. मी सहज विचारलं, "साहेब, इतक्या दुरुस्त्या दिल्यात, मंजूर किती झाल्या?"

"एकही नाही."

"एकही नाही? असं कसं हो?"

"विरोधकाची दुरुस्ती घ्यायची म्हणजे आपलं विधेयक चुकलं असं सरकारने कबूल करायचं. कोण करील, बाई? मंत्री उठायचा, म्हणायचा, सन्माननीय सदस्यांच्या भावनेशी मी सहमत आहे, आपण सहानुभूतीने विचार करू, त्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी. मग मी उठायचं, म्हणायचं, मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझी दुरुस्ती मागे घेतो. बाकं वाजायची. पुढचं कलम."

"मागे कशाला घ्यायची? पडली तर पडू द्यायची!"

"पडली की संपली. मागे घेतली की निदान आश्वासन तरी हातात राहतं."

"आणि त्या आश्वासनाचं काय होतं?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बाजारांच्या कायद्याला माझी एक दुरुस्ती होती. उघड्यावर भाजी विकायला बसणाऱ्या बायांसाठी छप्पर आणि संडास बांधलेच पाहिजेत, असं कायद्यात घाला म्हटलं. मंत्री म्हणाले, कायद्यात नको, आपण आदेश काढू. मी मागे घेतली. आदेश काही निघाला नाही. माझ्या तालुक्यातल्या बाया तशाच उन्हात बसल्या, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनीच मला पाडलं. त्यांचं काही चुकलं नाही." एवढं बोलून त्यांनी पुन्हा शेंग उचलली. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी आमचे हे गेले. ऑफिसात डबा खायला बसले आणि तिथेच गेले. घर माणसांनी भरलं. जो तो मला काहीतरी सांगत होता, धीर धरा, मुलीकडे बघा, देवाची इच्छा. आमदारसाहेब आले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहू या." बसलेली माणसं गडबडून उठली. कोणाला काय करावं कळेना, म्हणून सगळे गप्प झाले. त्या दिवसभरात माझ्या घरात तेवढीच शांतता झाली. त्यात मी पहिल्यांदा रडले. त्या दोन मिनिटांसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे, पुढे कितीही डोकं फिरवलं असलं तरी.

क्वार्टर सरकारचं, यांच्या नावावर. काही महिन्यांची मुदत मिळाली, मग सोडायचं. मुलगी दहावीत. भरवसा होता तो एका गोष्टीवर, सोसायटीच्या घरावर. दिल्लीतल्या काही मराठी सरकारी नोकरांनी मिळून गुडगावच्या बाजूला जमीन घेतली होती. आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरत होतो. तेव्हा गुडगाव म्हणजे मोहरीची शेतं, धूळ, आणि त्या धुळीत इंग्रजी नावांचे मोठमोठे फलक. परदेशी कंपन्या येणार, काचेच्या इमारती होणार, असं जो तो सांगायचा. आमच्या बिल्डिंगचे खांब नुकते जमिनीवर आले होते.

आणि सोसायटीचा नियम निघाला, की सभासद स्वतः केंद्र सरकारचा नोकर किंवा पेन्शनरच हवा, नवऱ्यामागची फॅमिली पेन्शन धरायची नाही. मी शाळेतली बाई. मी बसत नव्हते त्यात. पैसे परत देऊ, जागा प्रतीक्षा यादीवरच्या माणसाला जाईल, असं कमिटीने सांगितलं. त्या पैशांत गुडगावात आता एक खोली आली नसती. यादीवर कोणाचा मेव्हणा होता, कोणाचा भाचा. सगळे मला भेटून हळहळायचे, "वहिनी, यार, रूलच असा आहे, काय करणार?"

आमदारसाहेबांनी मात्र हे ऐकलं आणि त्यांच्या अंगात संचारलं. शिलाँगचा मुलगा सोसायटीचा सभासद होता, त्याचं मुखत्यारपत्र साहेबांकडे होतं, म्हणजे सभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क होता. "बाई, नियमाला दुरुस्ती आणतो. मयत सभासदाच्या वारसाला सभासदत्व मिळेल, नोकरीची अट त्याला लागू नाही." मी म्हटलं, "साहेब, तुमची एकही मंजूर झाली नाही, माझी कशी होणार?" ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मफलर गुंडाळून सेक्टर पालथे घालायला लागले. प्रत्येक सभासदाच्या घरी गेले, बसले, चहा प्यायले, बायकांशी बोलले. बायकांना नियम लगेच कळला. आज वहिनी, उद्या आपण. त्यांनी आपापल्या नवऱ्यांना सरळ केलं. सभेच्या आदल्या संध्याकाळी ते दारात येऊन म्हणाले, "बाई, बहुमत आपलं आहे." असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बहुमत होतं.

सभा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी. अध्यक्ष म्हणजे मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज लोण्यासारखा. मी मागे भिंतीशी मुलीला घेऊन बसले होते. कलम पुकारलं. आमदारसाहेब उठले आणि फार सुंदर बोलले. नियम माणसाच्या सोयीसाठी असतो, माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना उठवायला नसतो, एवढंच. बायका मान हलवत होत्या. आता मत घ्यायचं, की झालं.

अध्यक्ष उठले. हात जोडले. "आमदारसाहेब ज्येष्ठ आहेत, त्यांच्या भावनेशी मी सहमत आहे. वहिनींच्या केसचा कमिटी बिल्कुल सहानुभूतीने विचार करील, हे मी सभागृहाला आश्वासन देतो. त्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे."

आणि आमदारसाहेब उभे राहिले, कोट सारखा केला, आणि म्हणाले, "अध्यक्षांच्या आश्वासनानंतर मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पार्किंगचं कलम पुकारलं. मला कळायलाच वेळ लागला. मुलीने विचारलं, "आई, अच्छा झालं ना? सगळे क्लॅप करतायत." पुढच्या रांगेतल्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. काहींनी कपाळाला हात लावला.

सभा संपून खुर्च्या मिटायला लागल्या तरी ते बसूनच होते. मी जवळून गेले तेव्हा म्हणाले, "बाई, मी काय केलं?"

"मागे घेतलीत," मी म्हटलं आणि बाहेर पडले. पहाडगंजच्या त्या गर्दीत, स्टेशनकडे धावणाऱ्या लोकांचे धक्के खात, मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. एका मराठी शाळेतल्या बाईला जेवढ्या येतात तेवढ्या.

आम्ही मुनिरका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत. पाणी सकाळी यायचं, तेही मालकाच्या म्हशींचं झाल्यावर. मी आमदारसाहेबांशी बोलणं टाकलं होतं. तरी एका रविवारी मुलगी म्हणाली, "आई, ते आमदार अंकल आलेत यार, खाली उभे आहेत, वर येत नाहीयेत." मी वरूनच विचारलं, "काय आहे?"

"अध्यक्षांकडे जाऊन आलो. आश्वासनाचं विचारलं."

"काय म्हणाले?"

"विचाराधीन आहे म्हणाले."

"मग आता?"

"पुढच्या रविवारी पुन्हा जातो." आणि गेले बसस्टॉपकडे.

ते दर रविवारी जात राहिले. सभागृहात दिलेलं आश्वासन म्हणजे पोकळ शब्द नव्हे, त्याची पूर्तता झालीच पाहिजे, हे त्यांचं पालुपद. अध्यक्षांच्या बैठकीत जाऊन बसायचे, चहा नको म्हणायचे, आणि एकच प्रश्न विचारायचे. अध्यक्ष अंघोळीला गेलेत म्हटलं तर अंघोळ होईपर्यंत बसायचे. फिरायला गेलेत म्हटलं तर बागेत जाऊन शोधायचे. अध्यक्षांच्या बायकोने सुनेला फोन करून सांगितलं, "अहो, आमच्याकडे रविवारी पाहुणे यायचे बंद झालेत." सून मला येऊन सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. मला आशा नव्हती. मी इतकी थकले होते, की आशा ठेवणंही कामासारखं वाटायचं. पण रविवारी दुपारी बसस्टॉपकडे लक्ष जायचं, हे खरं.

एकदा हट्टाने मला गुडगावला घेऊन गेले. बस धूळ उडवत निघून गेली आणि आम्ही दोघं खडीच्या ढिगांतून चालत गेलो. चार स्लॅब पडले होते. ते एका खांबाला हात लावून म्हणाले, "बाई, चांगलं बांधतायत." मी म्हटलं, "बांधू देत. लोकांचं आहे." परतताना त्यांना चालवेना. तेव्हा मला दिसलं की माणूस म्हातारा झालाय, आणि माझा राग कुठेतरी वाटेत गळून पडलाय.

बिल्डिंग पुरी होत आली तेव्हा मागच्या बाजूचं, तळमजल्यावरचं एक घर कोणी घेईना. जनरेटर त्याला खेटून. ज्याच्या वाट्याला आलं त्याने सभासदत्वच सोडलं. अध्यक्षांनी कमिटीत सांगितलं म्हणे, "द्या ते वहिनींना, खास बाब म्हणून. मला माझे रविवार परत हवेत." असं मला घर मिळालं. सगळ्या तरुण पोरांची इंग्रजी कंपन्यांची बस जिथून सुटते तिथे, जनरेटरच्या शेजारी, पण माझं. किल्ली हातात आली तेव्हा यांची इतकी आठवण आली की मी रिकाम्या खोलीत फरशीवर बसून घेतलं.

ताबा मिळाल्यावर बिल्डिंगच्या आवारात शामियाना टाकून सभा झाली. जेवण होतं. तोवर सोसायटीत एक गोष्ट पसरली होती, की म्हातारा पोचलेला आहे, त्याने मुद्दाम दुरुस्ती मागे घेतली. मतदान झालं असतं तर यादीवरचे कोर्टात गेले असते, काम अडलं असतं, त्याने आधीच ओळखलं. ही गोष्ट सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. त्या गोष्टीत ते चुकले नव्हते, आणि मुनिरक्यातले माझे दिवस फुकट गेले नव्हते. खरं सांगायचं तर मी ती शाळेत दोघी-तिघींना सांगितलीही होती.

सेक्रेटरींनी आभाराचा ठराव वाचला. कंत्राटदाराचे, कमिटीचे, अध्यक्षांचे आभार. मग, "तसेच आमदारसाहेबांनी दूरदृष्टीने आपली दुरुस्ती मागे घेऊन सोसायटीचं हित सांभाळलं आणि वहिनींना न्याय मिळवून दिला, याबद्दल ही सभा त्यांची ऋणी आहे." टाळ्या. मी जोरात वाजवल्या.

ते काठी टेकत उठले. "अध्यक्ष महाराज, या ठरावाला माझी एक दुरुस्ती आहे."

शामियान्यात हशा आणि उसासे एकदमच उठले. पुऱ्यांचा वास सुटला होता.

"‘दूरदृष्टीने’ हा शब्द वगळून ‘चुकून’ हा शब्द दाखल करावा. मी सवयीने उठलो आणि तोंडातून गेलं. या बाईंना दोन वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढावी लागली ती त्यामुळे. न्यायबिय मी मिळवून दिला नाही, ते शब्दही वगळावेत."

"अहो, साहेब, कशाला!" अध्यक्ष म्हणाले. "काय हा विनय!" त्यांनी घड्याळ बघितलं, जेवणाकडे बघितलं. "बरं, मागे घेता का?"

हॉलमधल्या त्या सभेचा क्षण मला आठवला. घ्या, मी मनात म्हटलं. आत्ता घ्या मागे.

"नाही," ते म्हणाले. "मी आग्रह धरतो."

"ठीक आहे. मंजूर असेल त्यांनी होय म्हणावं, नसेल त्यांनी नाही."

सगळे हसत म्हणाले, "होय!" पोरंसोरंही ओरडली. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, "विरोधात?"

"नाही," मी म्हणाले. उभी राहून, मोठ्याने. माझं घर गेलं त्या दिवशीही त्यांचा इतका राग आला नव्हता. आयुष्यभरात एक चांगलं वाक्य त्यांच्या नावावर लागत होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. माझ्या एकटीचा आवाज. अध्यक्षांनी जाहीर केलं, "बहुमत ‘होय’च्या बाजूने आहे. दुरुस्ती मंजूर."

मी पाहिलं, ते अजून उभेच होते. ओठ हलत होते, ‘मंजूर, मंजूर’ असं काहीतरी. सुनेने हात धरून बसवलं तर तिच्याकडे बघून, पंख्याकडे नाही, म्हणाले, "ऐकलंस ना गं? मंजूर झाली." ती पदराने डोळे पुसत हो हो म्हणत होती.

जेवणाच्या रांगेत ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. मग हळूच विचारलं, "बाई, मघाशी विरोधात तुम्ही होतात?"

"हो."

"जन्मात एक दुरुस्ती मंजूर होत होती माझी. आणि नेमक्या तुम्ही विरोधात?" त्यांना मनापासून लागलं होतं. लहान मुलासारखा चेहरा झाला होता.

"अहो साहेब, मी तुमच्याच बाजूने होते," मी म्हटलं.

ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.